सरांचा अमिबा

अख्ख्या रत्नागिरीत ‘पाणी हवं का?’ असं विचारल्यावर पाहुण्याने घाबरून ‘कुठलं?’ असं विचारावं, असं घर एकच : मांडवीतलं, आमच्या शेजारच्या सरांचं. सर शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, सर तळ्यावर जायला लागले. तळ्यातला गाळ लोणच्याच्या बरण्यांत भरून आणायचा, खिडकीत ओळीने मांडायचा, आणि दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. कारण एकच. “बत्तीस वर्षं फळ्यावर अमिबाचे दोन अमिबा केले हो, पण खरा दुभंगताना एकदाही पाहिला नाही. पोरांना खोटंच शिकवल्यासारखं वाटतं.”

त्या खोलीत शिंकायला बंदी होती. पंखाही बंद. एकदा “चालू झालं! धावा!” अशी हाक आली म्हणून मी अर्धी दाढी तशीच ठेवून धावलो. सरांनी बोटाने दाखवलं. नीट पाहिलं तर ती सरांचीच गळलेली पापणी होती. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, दारातून म्हणाल्या, “दोन झाल्या की सांगा. एक परत लावून टाकू.”

अशी दोन वर्षं गेली. मग एका सकाळी सर बांगडे आणायला बाजारात गेले. जाताना वहिनींना “जरा लक्ष ठेव” म्हणून गेले. थोड्या वेळाने वहिनींची हाक आली, म्हणून मी गेलो. त्या सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा चिकटवून ओरडत होत्या, “अगो बाई, कंबर बारीक झाली ह्याची! तुटला! तुटला!”

सर आले तेव्हा दोन अमिबा दोन दिशांना निघाले होते. सरांचा चेहरा उतरला. “फोन का नाही केलास?”

“फोन बघायला डोळा काढला असता, तर हे सुटलं असतं ना!”

सर पिशवीसकट स्टुलावर बसले. मग हळूच म्हणाले, “सांग. पहिल्यापासून सांग.” वहिनी सांगत गेल्या : आधी गोळा झाला, मग लांबट, मग मधे दोऱ्याएवढा. सर पहिल्या बाकावरच्या पोरासारखे “मग?” “मग?” करत राहिले.

शेवटी वहिनींनी विचारलं, “यातला म्हातारा कुठचा?”

“म्हातारा उरतच नाही. दोन्ही नवेच.”

“बरंय बाई त्यांचं. मागे एकटं कोणी राहायला नको.”

सरांनी एक खुर्ची ओढून नळीपाशी ठेवली, आणि वहिनींना म्हणाले, “बस. आळीपाळीने बघू.”