एक थेंब तेल

घड्याळजींनी उतारावर पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही. ब्रेकची मूठ नेहमीसारखी दाबली गेली, हाताला टणकही लागली, पण गाडीला तिचं काही सोयरसुतकच नव्हतं. समोर लाल दिव्याला पाण्याचा टँकर उभा होता आणि मागच्या सीटवर त्यांची मुलगी बसली होती.

पुढचं सांगण्याआधी हा माणूस कोण ते सांगायला हवं, कारण असं काही याच्या हातून होईल असं शत्रूलाही वाटलं नसतं. वय सत्तेचाळीस. घड्याळदुरुस्तीचं दुकान म्हणजे झेरॉक्सवाला आणि चपलांचं दुकान यांच्यामध्ये कोंबलेली काचेची पेटी. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि पंचवीस वर्षांत एकदाही न थरथरलेली बोटं. तोंड कधी पोळलं नव्हतं तरी ताक फुंकून पिणारा माणूस. जन्म बसमध्ये काढला. मुलगी नर्सिंग शिकायला लागली, तिला सकाळी सातला रुग्णालयात पोचावं लागायचं आणि दोन बस बदलूनही उशीर व्हायचा, म्हणून आठ महिन्यांपूर्वी त्यांनी आयुष्यातली पहिली मोटारसायकल घेतली. बायको म्हणाली, शिंगं मोडून वासरांत शिरलात. घड्याळजींनी उत्तर म्हणून दोन हेल्मेटं आणली, दोन्हींचे पट्टे स्वतः ओढून पाहिले.

गाडी त्यांनी घड्याळासारखीच सांभाळली. दर सोमवारी टायरची हवा, दर पंधरवड्याला चेनला तेल, आरसे तर इतके लख्ख की शेजारी त्यांत भांग पाडायचे. त्या बाबतीत बोट ठेवायला जागा नव्हती. खोट होती ती मनगटावर.

घर ते रुग्णालयाचं फाटक, पहिल्या दिवशी सव्वीस मिनिटं लागली. ती त्यांनी मोजली, कारण मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मग चोवीस झाली. मग बावीस. दुकानातल्या कॅलेंडरवर ते आकडे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवायचे आणि एखादं मिनिट वाचलं की दिवसभर शीळ घालायचे. वाचलेल्या मिनिटाचं ते काय करणार होते, हे त्यांनाच ठाऊक.

सुरुवातीला वेग वाढला की मुलगी मागून खांद्यावर दोन टिचक्या मारायची. घड्याळजी हसून म्हणायचे, रस्ता मोकळा आहे गं. पुढे टिचक्या थांबल्या. पोरीला सवय झाली, असं त्यांनी धरलं आणि सतरा मिनिटांवर आले.

त्यातच पुढचा ब्रेक वाजायला लागला. दाबला की कर्कश चीं. पंधरा दिवस त्यांनी कान किटवून घेतले. आता घड्याळाच्या धंद्यात एक साधा नियम असतो: जे कुरकुरतं, त्याला तेल हवं असतं. रविवारी संध्याकाळी त्यांनी दुकानातली तेलाची चिमुकली बाटली आणि सुई घरी आणली, अंगणात मांडी घातली, भिंग लावलं, आणि ब्रेकचा पॅड चकतीला जिथे टेकतो नेमक्या त्याच फटीत, दोन्ही बाजूंनी, थेंब थेंब तेल सोडलं. एक थेंबही इकडेतिकडे सांडला नाही. चाक हाताने फिरवून ब्रेक दाबला, तर आवाज गुल. मिस्त्रीकडे उगाच हेलपाटा कशाला, असं बायकोला ऐकवून ते मजेत जेवायला बसले.

सोमवारी सकाळचा तो उतार. पायाचाही ब्रेक असतो हे त्यांना आठवलं, पण उशिरा. मागचं चाक घसरलं, गाडी आडवीतिडवी झाली, टँकर वीतभर अंतराने उजवीकडे राहिला आणि दोघंही एका बांधकामापुढच्या वाळूच्या ढिगाऱ्यात जाऊन पडली. ढिगारा होता म्हणून ही गोष्ट हसत सुरू करता आली.

मुलगी आधी उठली. गुडघा फुटला होता. तिने वाळूतच बसून बापाची मान दोन्ही हातांत धरली. "हलू नका बाबा. बोटं हलवून दाखवा."

बोटं हलली. हलली कसली, ती थांबेचनात. उजवा हात पानासारखा लटलट कापत होता. घड्याळजी त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसे बघत राहिले.

मिस्त्रीचं गॅरेज उताराच्या पायथ्याशीच होतं. गाडी ढकलत नेली. मिस्त्रीने पॅड काढला, त्यावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि विचारलं, "तेल कुणी घातलं?"

मुलगी नळावर गुडघा धूत होती. सर्व्हिसिंगवाल्याच्या नावावर खपवता आलं असतं. ते शब्द ओठांपर्यंत आलेही. पण ते म्हणाले, "मी."

मिस्त्री हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने पॅड त्यांच्या तळहातावर ठेवला. तो झिजून पत्र्याला आला होता.

"संपत आला म्हणून ओरडत होता बिचारा," तो म्हणाला. "तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत. पण काका, मागचा ब्रेक तर चांगला आहे. तरी इतके फरफटत गेलात? किती होता वेग?"

घड्याळजींना आठवेना. सगळं मोजणाऱ्या माणसाला नेमकं तेच सांगता येईना.

"साठ," नळाजवळून मुलगी म्हणाली. "रोज साठच असतो तिथे."

घड्याळजी तिच्याकडे वळले. "तुला कसं ठाऊक?"

"खांद्यावरून दिसतो ना काटा."

"मग टोकलं का नाहीस?"

"टोकलं की. तीन महिने टोकत होते." तिने नळ बंद केला. "तुम्ही हसायचात. मग मी उतार आला की डोळे मिटून बसायला लागले."

ढिगाऱ्यात पडताना त्यांना एवढं लागलं नव्हतं. पाच महिने, रोज सकाळी, त्यांच्या पाठीमागे पोर डोळे मिटून बसत होती आणि ते शीळ घालत होते. ते तिथल्या जुन्या टायरवर बसले. त्या दिवशी दुकान उघडलं नाही. उघडून करणार काय, चिमटाही धरवत नव्हता.

पॅड नवे बसले, चकती घासून पुसून लख्ख झाली. तरी दोन दिवस मुलगी बसनेच गेली. घड्याळजींनी चल म्हटलं नाही, ते नुसते थांब्यापर्यंत तिच्याबरोबर चालत गेले. तिसऱ्या दिवशी तिने आपणहून हेल्मेट उचललं. घड्याळजींनी मनगटावरचं घड्याळ सोडून खणात टाकलं.

उतार सुरू झाला. काटा तीसवर होता. रस्ता मोकळा होता, दिवा हिरवा होता. आणि खांद्यावर दोन टिचक्या आल्या.

घड्याळजींनी दोन्ही ब्रेक दाबले, गाडी कडेला घेतली, पाय जमिनीवर टेकवले. मागे बघितलं, पुढे बघितलं. कुठेच काही नव्हतं.

"काय झालं गं?"

"काही नाही बाबा," ती म्हणाली. "थांबता का ते बघत होते."