चिटगुप्प्यात दिलेला सल्ला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा सुरू केलं की मला मधे थांबता येत नाही. इतका पद्धतशीर मूर्खपणा माणसाच्या हातून वरचेवर होत नसतो.

मी मंठाळजवळच्या एका मराठी शाळेत शिकवतो. अतिथी शिक्षक! जूनमध्ये बोलावतात, उन्हाळ्यात निरोप देतात आणि पगार त्याच्या सवडीनं येतो. शाळेत कुणालाच नको असलेली कामं अतिथीच्या वाट्याला येतात. त्यामुळं 'दहावीनंतर काय?' हा विषय माझ्याच गळ्यात पडला. मी भिंतीवर एक तक्ता लावला, पोरांपुढं दोन भाषणं ठोकली, आणि आमच्या मामांनी अख्ख्या बसवकल्याणात सांगून टाकलं की भाचा आता करिअरचा सल्लागार झालाय.

हेच मामा तीन वर्षांपासून माझ्यासाठी मुलगी शोधत होते. एवढं लक्षात असू द्या.

एका शनिवारी मामांचा फोन आला. "उद्या चिटगुप्प्याला जा. विश्वनाथअण्णांकडं. तुरीचे व्यापारी हायत, लई चांगली माणसं. तुला भेटायचं म्हणायलेत. जरा बरा शर्ट घाल."

"तुम्ही येणार न्हाई?"

"मी कशाला? तुलाच बोलायचंय. आन् नीट बोल, शहाणपणा करू नको."

आता तुम्हीच सांगा, लग्नाच्या पोराला मामा बरा शर्ट घालायला सांगतो, तेव्हा काय समजायचं? 'मुलगी' हा शब्द मामांनी उच्चारलाच नव्हता, हे मला फार नंतर आठवलं. तेव्हा मी इस्त्री शोधत होतो. एकट्यालाच बोलावलंय, म्हणजे किती पुढारलेली माणसं, असंही वाटून गेलं.

अण्णांनी दारातच हात धरून आत नेलं. लोडाला टेकवलं. पलीकडं त्यांचा सोळा वर्षांचा महेश तोंड पाडून बसला होता. बहीण परक्या घरी जाणार म्हणून पोरगं हळवं झालंय, असं मी ठरवून टाकलं.

तेवढ्यात आतून साडी नेसलेली एक मुलगी फोडणीच्या मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा घेऊन आली. मी बशीतल्या मुरमुऱ्यांकडं बघत, नजर वर न करता तिला पुरतं बघून घेतलं. नाक छान होतं.

"साखर बरोबर हाय का?" तिनं विचारलं.

"एकदम!" मी म्हणालो. चहाचा अजून घोटही घेतला नव्हता.

अण्णा सरसावून बसले. "सर, मोकळं विचारतो, राग मानू नका. मास्तरकीत पगार कसा हाय?"

"चांगला की! घर चालून वर उरतो."

"वेळेवर येतो?"

"एखाद्या दिवसाचं इकडं तिकडं." खरं तर दिवसाच्या जागी महिने म्हणायला हवं होतं.

"पर्मनंट व्हायचं कसं?"

"ते आता झाल्यातच जमा!"

आतून काकूंनी विचारलं, "घरी कवा येतात हो मास्तर लोकं?"

"चारला मोकळा! मग सगळा वेळ घराला." हे जरा मोठ्यानं म्हणालो, आत ऐकू जावं म्हणून.

मी जसजसा रंगत गेलो, तसतसा महेश रडवेला होत गेला. मला गलबलून आलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "काळजी कामून करायलास? मी हाय ना!"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याचा गळाच धरला होता.

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "ठरलं मग! आमच्याकडून पक्कं. तुमचं काय म्हणणं?"

मी खाली मान घालून म्हणालो, "मला पसंत आहे."

अण्णा खूश झाले. आणि इथं थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण अंगात सुधारणा संचारलेली! "तरी अण्णा, एकदा ताईंनाही विचारा."

"कुठल्या?"

"आत्ता चहा घेऊन आल्या त्या."

"तिला कामून विचारायचं? तिचं पोरगं पहिलीत जायलंय. जावई बाहेर गाडी धुवायलेत की!" अण्णा चकित झाले. "इषय ह्या महेशचा हाय. हे म्हणायलंय मशिनचा डिप्लोमा करतो. मी म्हणायलो, मास्तर हो. तुमचे मामा म्हणाले भाच्याला इचारा. तुम्ही सांगितलं, मास्तरकीसारखं सुख न्हाई. मिटलं. उद्या फॉर्मची शेवटची तारीख, आता भरायचाच न्हाई."

महेशच्या डोळ्यांतून पाणी आलं.

गप्प बसून उठता आलं असतं, इज्जत शाबूत राहिली असती. पण पोराचं तोंड बघवेना. म्हणालो, "अण्णा, मी सांगितलं ते सगळं खोटं. मी अतिथी हाय. दर जूनला नव्यानं आशेवर बसतो. पर्मनंट मास्तर बदलून आला की माझी खुर्ची गेली. पोराला मशिनची आवड हाय तर जाऊ द्या."

"मग एवढं गोड कामून सांगायलात?"

आता आली का पंचाईत?

"मला वाटलं... मुलगी दाखवायला बोलावलंय."

मग आत भांडं पडलं, आणि पाठोपाठ त्या ताईंचं हसू. जावई ओल्या हातांनी धावत आले, "काय झालं?" त्यांना सगळं पहिल्यापासून सांगण्यात आलं. माझ्यासमोर. अण्णा डोळे पुसत म्हणाले, "भर रे महेश फॉर्म. माणूस पोरीसाठी एवढं खोटं बोलतो म्हंजे खरंच ह्या लाईनीत काही न्हाई!"

मी चपला शोधत होतो. महेश मोबाईल घेऊन मागं आला. चेहरा फुललेला, आवाज मात्र अगदी काळजीचा.

"सर, डिप्लोमाला वयाची अट न्हाई म्हणे. तुमचाबी भरू का?"