गप्प बसायची पाच मिनिटं

दवाखान्यात गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या साठतात, तसेच किस्सेही साठतात. पट्ट्या झाडून काढता येतात. किस्से राहतात, आणि माझ्यासारखा कमी बोलणारा माणूस ते सांगायचं पुढं ढकलत राहतो.

नांदेडात हार्मोनच्या डॉक्टर मॅडमकडं मी शिपाई आहे. शाळा चौथीपर्यंत. माझं मुख्य काम एकच, बीपी मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटं गप्प बसवायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, डावा हात टेबलावर. मॅडम म्हणतात, "काका, तुमच्याजवळ बसलं की माणूस आपोआप शांत होतो."

कंधारकडच्या गंगाबाई मात्र झाल्या नाहीत. मी बोटानं खूण केली, तर म्हणाल्या, "भाऊ, बोलत राहिलं की बरं वाटतंय. गप बसलं की सून आठवती."

* * *

गंगाबाई दरसाल माहूरला रेणुकेच्या पायऱ्या पायी चढायच्या. मॅडमनी बीपीचा आकडा बघून पायऱ्या बंद केल्या. बाई रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "किती खाली आलं म्हंजी चढू?"

मॅडमनी मीठ कमी करायला सांगितलं. पुढच्या खेपेला त्यांचे मालक मारोतराव तोंड पाडून आले.

"मॅडम, बीपी हिचं, अन् अळणी मी खाऊन राहिलो."

* * *

मारोतरावांचं पोट मोठं. मॅडम त्यांना म्हणाल्या, "चरबी नुसती बसून नसते. तीही हार्मोन सोडते, मेंदूला निरोप धाडते, की आता बस, पोट भरलं."

गंगाबाई म्हणाल्या, "यांचा निरोप आमच्या एसटीनं येत असंल."

* * *

मीठ सोडलं तरी बीपी उतरेना. मॅडमनी पाण्याची गोळी दिली. तिनं लघवी जास्त होते आणि अंगातलं जादा पाणी निघून जातं. तरी दवाखान्यात आकडा वरच.

एकदा गप्प बसायच्या पाच मिनिटांत बाई माझ्या कानाशी आल्या. "भाऊ, सांगू नका. हितं यायच्या दिवशी मी ती गोळी घेत न्हाई. एसटी मधी थांबती का?"

मी मॅडमना सांगितलं. विचारल्याशिवाय मी बोललो म्हणून मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बाई, त्या दिवशी घरी पोचल्यावर घ्या."

बाईंनी पुढचे दोन महिने माझ्याशी अबोला धरला. पाच मिनिटं अगदी नेमकी पाळली जायची.

* * *

गोळी रोज घेऊनही फरक कमीच. मग मॅडमनी रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला.

"किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी छोटी ग्रंथी असते. तिचा हार्मोन सांगतो, मीठ धरून ठेव. मिठामागं पाणी येतं आणि बीपी चढतं. तुमची डावीकडची ग्रंथी ऐकतच नाही."

गंगाबाईंनी जरा विचार केला. "म्हंजी मी सोडलं तरी ती सोडीना. माझी सासूच की."

मारोतराव उठून उभे राहिले. "मग मी वरीसभर अळणी फुकट खाल्लं?"

"फुकट नाही," मॅडम म्हणाल्या, "तुमचंही बीपी उतरलंय."

* * *

ऑपरेशन झालं, ती ग्रंथी काढली. सकाळी मारोतराव वॉर्डात गेले आणि बायकोला पहिलं विचारलं, "आता भाजीत मीठ?"

"बेतानं," गंगाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

* * *

काही महिन्यांनी आकडा खाली आला आणि तिथंच टिकला. मॅडम म्हणाल्या, "जा माहूरला. हळूहळू चढा."

दोघांनी मलाही नेलं. आम्ही तिघंही थांबत, दम खात चढलो. वर गाभाऱ्यापुढं पोचल्यावर गंगाबाई खाली बसल्या. पाठ खांबाला टेकली, पाय जमिनीवर ठेवले, डोळे समोर. मागं रांग खोळंबली.

पुजारी म्हणाले, "बाई, दर्शन झालं ना? पुढं सरका."

बाईंनी हूं की चूं केलं नाही.

मारोतराव हात जोडून म्हणाले, "महाराज, ती आत्ता चढून आली. पाच मिनिटं बोलायची न्हाई."

पुजाऱ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी घड्याळाकडं बघत होतो. वेळ झाल्यावर मी मान हलवली.

गंगाबाईंनी पोलक्याची बाही वर सारली आणि डावा हात देवीपुढं धरला.