खाल्लेला लघुग्रह

भाजलेल्या ज्वारीचा खरपूस वास खगोल मंडळाच्या खोलीत दाटला होता. कडक भाकरीचा डबा मी नुकताच उघडला होता, आणि मुख्याध्यापक दारात उभे राहिले.

"मॅडम, ही खोली जूनपासून स्कॉलरशिपच्या जादा तासांना द्यावी म्हणतोय. तुमच्याकडे येतात मोजकी मुलं. आकाश काय, गच्चीवरूनही दिसतं."

"सर, आज पूर्ण आठवीचा ट्रेझर हंट आहे. तो पाहा, मग ठरवा."

"शाळा सुटण्याआधी खजिना सापडला, तर बघू."

मी जुळे सोलापुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. ट्रेझर हंट म्हणजे कोडी सोडवत, खुणेमागून खूण शोधत खजिना गाठण्याचा खेळ. मैदानावर फक्कीने सूर्यमाला आखली होती. बुध ते मंगळ मुलांनी धावतच पार केले. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा पट्टा असतो. सूर्याभोवती फिरणारे असंख्य लहानमोठे खडक. तिथे मी परातीत एका कडक भाकरीचे तुकडे ठेवले होते. ते जुळवायचे आणि भाकरी मैदानाकडेच्या भिंतीवरच्या तक्त्यातल्या वर्तुळांशी ताडून पाहायची. जे वर्तुळ तिच्या काठाशी तंतोतंत जुळेल, त्यावर लिहिलेल्या जागी खजिना.

मी सरांना बोलवायला गेले. परतताना दुरूनच कानांवर आला तो सुखाचा, एकसुरी कुर्रकुर्र आवाज. परात रिकामी होती.

"लघुग्रह कुठे आहेत?"

"मॅडम, आमाला वाटलं खाऊ हाय," समर्थ ओठ पुसत म्हणाला. "लई खुसखुशीत होते की!"

"अरे, कोडं होतं ते!"

"मग परातीत कशाला वाढलं?"

मी परात उचलून खाली पाहिलं. डब्यात आणखी भाकऱ्या होत्या. पण हातावर थापलेल्या दोन भाकऱ्या एका मापाच्या कधीच नसतात. सर घड्याळाकडे पाहत होते.

तेवढ्यात अंबिकाने मूठ उघडली. "माझा अर्धा ऱ्हायलाय, मॅडम. काठाचा हाय."

"एवढ्याशानं काय हुतंय?" समर्थने विचारलं.

"तू गप, खादाड! मॅडम, पहिला लघुग्रह थोडेच दिवस दिसला आणि सूर्याच्या उजेडात हरवला, म्हणाला होता की तुमी. जेवढी वाट दिसली, तेवढ्यावरनंच पुढची काढली लोकांनी."

तिने तो तुकडा तक्त्यावर टेकवला. एका वर्तुळावर काठ बाहेर फाकला, दुसऱ्यावर आत वळला. मग एका रेषेवर तो असा निजला, जणू तिथूनच तुटून आला होता.

"पाण्याची टाकी!" सगळे एकदम ओरडले, आणि मैदानातली सूर्यमाला पायांखाली उधळली. टाकीमागे गुरूचे चंद्र होते, म्हणजे शेंगदाण्याचे लाडू. ते वाटून होत असतानाच घंटा झाली.

"खोली राहू द्या तुमच्याकडेच," सर म्हणाले. "जादा तास ग्रंथालयात घेऊ."

सोलापुरात प्रश्न भाकरीवर काढू नये. काढलाच, तर मुलं जेवल्यावर काढावा, एवढं मी शिकले.

खोलीत परतल्यावर सरांनी डब्यातली एक भाकरी कडकन मोडली, तुकडा हातात धरून आजूबाजूला पाहिलं, आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने मला विचारलं,

"चटणी?"