मावशींच्या पंगतीतला मासा

मारुंजीत भाड्याने राहून वाळलेला माणूस तुम्हाला कुठे दिसला, तर तो आमच्या घरमालकीणबाईंचा भाडेकरू नव्हे, एवढं मी शपथेवर सांगतो. आम्ही सगळे भाडेकरू त्यांना मावशी म्हणतो. मावशींचे कान उत्तम आहेत. जिन्यावर कुणाची चप्पल वाजली हे त्या स्वयंपाकघरातून ओळखतात. फक्त 'नको' हा एक शब्द त्यांना जन्मात कधी ऐकू आलेला नाही. पार्सल द्यायला आलेला माणूसही पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय त्यांच्या फाटकाबाहेर पडत नाही. मी एकदा धीर करून म्हटलं, "मावशी, मी डाएटवर आहे." त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "कवापासनं? डाक्टरला दावलं का?" असं म्हणत ताटात आणखी एक भाकरी वाढली.

अशा बाईच्या घरी न जेवणारा पाहुणा आला. माझ्या शेजारच्या खोलीतल्या केरळच्या मुलीला कंपनीने अचानक परदेशी धाडलं, आणि तिची खाऱ्या पाण्याची छोटी काचपेटी मावशींच्या ओसरीवर येऊन बसली. आत एकच मासा. बोटाएवढा, निळा, अंगभर नारिंगी वेलबुट्टी. दिसायला नवरदेव आणि रुसायलाही तसाच. जागा बदलली आणि त्याने अन्न सोडलं. मुलीने ठेवलेलं बाटलीतलं खाणं त्याच्या नाकासमोरून तरंगत जाई, तो तोंड फिरवी. मावशींनी भाताचं शीत टाकलं, सुकट कुटून टाकली. पाणी गढूळ झालं, माशाचं पोट आत गेलं, आणि फोनवर ती मुलगी रडकुंडीला आली.

मावशींचा मुलगा म्हणाला, "आये, चार दिसाचा सोबती हाय त्यो. दे सोडून." शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराकडे मीच त्यांना स्कूटरवरून नेलं. तो हसत म्हणाला, "ही जात बाटलीतलं खात नाही मावशी, बारीक जिवंत किडे लागतात. बहुतेक मरतातच. दुसरा घेऊन जा."

"तुमच्या घरात लेकरू जेवलं न्हाई, तर दुसरं आनता व्हय?" मावशी कडाडल्या. दुकानातले मासेसुद्धा दचकले असावेत. दुकानदाराने मुकाट्याने सूक्ष्म कोळंबीच्या अंड्यांची डबी काढून दिली.

मग ओसरीवर बूड कापून उलटी टांगलेली बाटली, त्यात मिठाचं पाणी, हवेची नळी आणि तपकिरी भुकटीसारखी अंडी. अंड्यांवर खुडूक कोंबडी बसवावी तितक्या निगुतीने मावशींनी ती उन्हाच्या कडेला ठेवली. थोरल्या जाऊबाई बघायला आल्या आणि किंचाळल्या, "घरात किडं पाळलं?" मावशी शांतपणे म्हणाल्या, "तुमी खाऊ नका." अंडी फुटली, पाण्यात केशरी ठिपके नाचू लागले. नातवाच्या औषधाच्या ड्रॉपरने मावशींनी ते अलगद माशापुढे सोडले. माशाने एक डोळा फिरवला. मान नसलेल्या त्या जिवाने जणू मान वाकडी केली, आणि टिपला एक ठिपका. मग दुसरा. माझ्या पाठीत मावशींचा असा दणका बसला की हातातला चहा सांडला. "खाल्लं गं बया!"

एका दुपारी वीज गेली, हवेचा पंप बंद पडला. पाण्यात हवा मिसळावी म्हणून मावशी स्टुलावर बसून तांब्याने पेटीतलंच पाणी उचलून उंचावरून ओतत राहिल्या. "आये, हात गळून पडतील," मुलगा म्हणाला. "पडू दे. दुसरा हात हाय." जाऊबाई कपाळाला आठ्या घालून बघत उभ्या होत्या; मावशींनी तांब्या खरंच दुसऱ्या हातात घेतला तेव्हा जाऊबाईंनीच तो हिसकावून घेतला.

तो मासा गुबगुबीत झाला, दिवाळीही त्याने पाहिली. मग थंडीत एका सकाळी वाळूवर आडवा दिसला. म्हातारा झाला होता की आणखी काही, कोण जाणे. "मी म्हनलं हुतं," मुलाने सुरुवात केली, पण आईच्या चेहऱ्याकडे पाहून वाक्य गिळलं. मावशींनी माशाला कढीपत्त्याच्या बुडाशी पुरलं आणि हात धुऊन त्या मुलीला फोन लावला. ती पलीकडून हुंदके देत होती. मावशींचा आवाज मात्र खणखणीत होता. "रडू नगंस पोरी. जेवून गेला त्यो."

फोन ठेवून त्या पेटीपुढे बसल्या. रिकाम्या पाण्यात बुडबुडे वर येत होते. मी हळूच विचारलं, "पंप बंद करू का?"

"ऱ्हाऊ दे," काचेवरून पदर फिरवत त्या म्हणाल्या. "आजच्या दिस चालू दे."