विजेच्या गाडीतला पाट

आमची विजेवरची मोठी गाडी विकताना मी एक मूर्खपणा केला. गेल्या वर्षीची गोष्ट. वय तसं अल्लडच होतं माझं, एकाहत्तर.

पापनाशमचं भाताचं शेत विकून यांनी ती गाडी घेतली होती, साठ लाखांना. माहितीचा कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि वाचत सुटले. एका चार्जमध्ये पाचशे किलोमीटर. पाच सेकंदांत शंभरचा वेग. मी डोसा उलटत विचारलं, "शंभरनं जायचंय कुठं? इथल्या इथं तिरुवैयारूला? पुढं बस, मागं बस, मध्ये म्हैस!" आणि झालंही तसंच. तीन वर्षं ती बिचारी कालव्याच्या कडेनं चाळीसनंच चालली.

चालकाच्या दाराला सीटची जागा लक्षात ठेवणारी तीन बटणं होती. एक नंबर दाबला की सीट आपोआप यांच्या मापानं मागं सरकायची. हे सहा फुटी, मी यांच्या खांद्याखालीच संपते. एकदा म्हणाले, "अगं, तू बसून बघ ना इथं. गिअर नाही, क्लच नाही. आठ दिवसांत शिकशील."

"इतकी वर्षं संसार केला, तुमच्या पाटावर कधी बसले का मी?"

आमच्यात नवऱ्याच्या जेवणाच्या पाटावर बायको बसत नाही. पाट जाऊन टेबल आलं तरी यांच्या खुर्चीला मी कधी टेकले नाही. केवढा तो तोरा! यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

मग हे गेले. गाडी चार महिने दारात उभी राहिली. शेवटी तिरुचीहून जुन्या गाड्यांचा व्यापारी आला, यंत्र लावून म्हणाला, "अम्मा, बॅटरीची तब्येत ब्याण्णव टक्के." यांच्या छातीचं असं काही कुणी वेळेवर सांगितलं नाही. पुढं म्हणाला, नवं मॉडेल स्वस्त आलंय, जास्त लांब जातं, जुनी विजेची गाडी घ्यायला लोक भितात. पंचवीस लाख. पाव किलो वांग्यांसाठी अर्धा तास भांडणारी मी. त्या दिवशी नुसती मान हलवली.

माझा जीव भलत्याच गोष्टीत अडकला होता. उद्या कुणी परका तो एक नंबर दाबेल आणि यांच्या जागेवर, यांच्या मापात बसेल. गाडी न्यायची त्या सकाळी चेन्नईहून आलेल्या लेकीला म्हटलं, "त्या सीटच्या आठवणी पुसून टाक. सगळ्या."

"दोन नंबर पण, आई? एकदा येऊन बघून तरी जा."

"बघायचंय काय त्यात? सगळं म्हणजे सगळं!"

तिनं पुसलं. गाडी गेली. आवाज नाहीच तिला, कोपऱ्यावर कधी वळली तेही कळलं नाही. आत येऊन मी कॉफी ठेवली, दोघींची म्हणून तीन पेले काढले, एक परत ठेवला. मग सहज विचारलं, "तो दोन नंबर कुणाचा होता गं? तुझा?"

लेकीनं गॅस बारीक केला. मग म्हणाली, "मला वाटलं तुला ठाऊक आहे. पुसायच्या आधी मी दाबून बघितला, आई. सीट पार पुढं आली, उंच झाली, माझे गुडघे स्टिअरिंगला लागले. आणि समोरच्या पडद्यावर अप्पांनी त्या नंबराला इंग्रजी अक्षरांत नाव घातलं होतं, 'हिचा पाट'."