झाकणाखालचे कोळी

संघपाल वाळूजच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर होता, राहायला बजाजनगरात. सुट्टी आली की गडी मोटारसायकल काढायचा, अजिंठ्याच्या डोंगरात जायचा आणि दिवसभर गुडघ्यांवर रांगत किडे-कोळी हुडकायचा. "जाळीच बघायची तर एवढ्या लांब कशाला? स्वयंपाकघरात हायेत की," त्याची बायको विशाखा म्हणायची. तो हसायचा नाही. या एका बाबतीत त्याला चेष्टा खपत नसे. शिकवणारं कुणी भेटलं नव्हतं, जे कळलं ते स्वतः बघून बघून. त्याचीच त्याला मोठी घमेंड. सापडलेली जागा तो कुणालाही सांगत नसे. माणसं येतात, दगड उलटे करतात आणि तसेच टाकून चालती होतात, हे त्यानं पाहिलेलं होतं.

एका वाडीच्या वरच्या अंगाला, साग-पळसाच्या विरळ रानात मातीचा एक उतार होता. तिथं झाकणवाले कोळी राहत. बोटभर रुंदीचं बीळ, आत रेशमाचं अस्तर आणि तोंडावर मातीचंच झाकण, एका बाजूनं बिजागरीसारखं जोडलेलं. बंद असलं की शेजारी बसलेल्यालाही दिसायचं नाही. मादी त्याच बिळात वर्षानुवर्षं काढते. संघपाल झाकण काडीनं हळूच उचलू बघायचा, की कोळीण ते आतून घट्ट ओढून धरायची. त्या एवढ्याशा ओढीसाठी तो इतक्या लांब यायचा. सगळा डोंगर पालथा घातला होता, पण हे कोळी त्याला याच उतारावर सापडले होते.

उन्हाळ्यात वाडीनं त्याच उतारावर श्रमदानातून चर खोदायचं आणि झाडं लावायचं ठरवलं. टँकरवर जगणारी माणसं, पावसाचं पाणी डोंगरात मुरवायचं म्हणत होती. त्यांचं काही चुकत नव्हतं. म्होरक्या कडुबा नाना. संघपालनं पारावर जाऊन त्याला चर थोडा वर सरकवायला सांगितलं आणि कारणही सांगितलं. झालं, पारावर हशा पिकला. आमच्या घागरी रिकाम्या आणि ह्यांना कोळ्यांचा पुळका, असं एक जण म्हणाला. दुसऱ्यानं घरातले कोळीही घेऊन जायला सांगितलं. कडुबा नाना मात्र हसला नव्हता.

"कुठं हायेत ते दावा तरी," तो म्हणाला. "बघू काय करता येतं."

पण तोवर संघपालचं डोकं फिरलं होतं. दात काढणाऱ्यांना काय दाखवायचं? तो तरातरा निघाला. दुकानातून फक्की घेतली, ती मैदान आखायची पांढरी पूड. उतारावर जाऊन माहीत असलेल्या प्रत्येक बिळाभोवती गोल काढला. गोल दिसला की माणसं बाजूनं खोदतील, एवढी अक्कल असेलच गावाला! कुणाशी चकार शब्द न बोलता तो माघारी आला आणि पाळीला हजर झाला.

पुढच्या सुट्टीला जाऊन बघतो तर प्रत्येक गोलाच्या जागी खड्डा. नेटका, गुडघाभर खोल. उकरलेल्या मातीत रेशमी अस्तराच्या फाटक्या नळ्या पडलेल्या, त्यांना मुंग्या लागलेल्या.

कडुबा नाना माणसं घेऊन वरच येत होता. संघपालनं त्याची कॉलर धरली. मुद्दाम केलंत म्हणाला, आणखीही बरंच बोलला.

"कॉलर सोडा, भाऊ," कडुबा नाना म्हणाला. "फक्की टाकली म्हंजी तिथं खांदायचं, हे इथलं शेंबडं पोरगं बी सांगन. आम्हाला वाटलं तुमचा राग गेला, आन् झाडांसाठी खड्डे आखून दिले. ही गोजरमावशी तर म्हणली, गडी लई गुणाचा हाय."

मागं घमेलं घेऊन उभी असलेली म्हातारी गोजरमावशी दुसरीकडं बघू लागली.

संघपालनं कॉलर सोडली. फक्कीचा अर्थ त्याला माहीत नव्हता थोडाच? आपल्या गावात श्रमदानाला त्यानं स्वतः फक्कीवर टिकाव मारला होता. त्या दिवशी रागाच्या भरात ते डोक्यातच आलं नाही.

"आज चर धरायचाय. ह्या खड्ड्यांच्या पुढं," कडुबा नाना म्हणाला. "तिथं हायेत का तुमचे?"

संघपाल गुडघ्यांवर बसला. पाचोळा फुंकला, बोटांनी माती चाचपली, इंच इंच पुढं सरकला. ऊन चढलं. माणसं टिकाव-फावडी टेकून उभी. आज कुणी हसत नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागत होतं. एकही झाकण हाताला लागेना.

"हाय का नाय?"

"माहीत नाय," तो म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नसतील. "असतील, नसतील बी. पण नाना, इथं नका खांदू. हात जोडतो."

कडुबा नानानं वर नजर टाकली. "वर सगळा मुरूम हाय. माणसं शिव्या देतील."

"देतील कशाला, मी आत्ताच देते," गोजरमावशी म्हणाली. "ह्यालाच लावा की मुरूम फोडायला."

कडुबा नानानं माणसांना वर चलायची खूण केली. संघपालनं एकाच्या हातातला टिकाव घेतला आणि वर चढला. घाव बोटभरच आत जात होता, हाताला झिणझिण्या येत होत्या. खालच्या मातीत कुणी जिवंत आहे, की रिकाम्या उतारासाठी आपण सगळ्या वाडीला मुरमाशी झुंजायला लावलंय, ते त्याला सांगता येत नव्हतं. गोजरमावशी घमेलं घेऊन शेजारी येऊन उभी राहिली, भरायची वाट बघत. त्यानं पुन्हा टिकाव उचलला.